तुम्ही बोलून राहिले होते ना, साहेब

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "तुमच्यासाठी एक कोच ठरवल्या आहेत. सहा महिने, पंधरा दिवसांतून एकदा भेटायचं. खर्च कंपनीचा." मी "हो सर" म्हणून बाहेर आलो. संध्याकाळी नागपूरजवळच्या बुटीबोरीहून वर्धा रोडनं घरी येताना डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: आता आपल्याला काढणार. ओळखीतल्या एका गृहस्थांना त्यांच्या कंपनीनं असाच कोच दिला होता आणि वर्ष संपायच्या आत त्यांच्या हातात राजीनाम्याचा कागद होता.

मी पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात काम करतो. डिप्लोमा झाल्यावर शिफ्टला लागलो, कोरुगेटरवर, म्हणजे कागदाचे थर चिकटवून पुठ्ठ्याची शीट काढणाऱ्या मशीनवर, उभा राहिलो, छपाई शिकलो, डिस्पॅच सांभाळला, आणि एकोणीस वर्षांनी प्लांट मॅनेजर झालो. मशीनचा आवाज जरा बदलला तरी मला केबिनमध्ये बसून कळायचं. या गोष्टीचा मला अभिमान होता आणि आजही आहे. पण मॅनेजर झाल्यापासून दोन वर्षांत दोन विभागप्रमुख सोडून गेले होते, रिजेक्शन वाढत होतं आणि मी रोज बारा तास कारखान्यात असूनही कुठलंच काम माझ्याशिवाय पुढं सरकत नव्हतं.

कोच मॅडमचं ऑफिस बजाजनगरात, एका घराच्या पहिल्या मजल्यावर. जूनचा पहिला आठवडा होता, मृगाचा पत्ता नव्हता, बाहेर नागपुरी ऊन आणि खोलीत कूलर. ही नुसती ओळखीची भेट होती. एकमेकांचं जमतं का ते दोघांनीही बघायचं आणि नाही जमलं तर तसं सांगून मोकळं व्हायचं. अठरा वर्षं बँकेत काढून त्या या कामात आल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला इथं यावंसं वाटलं का, की पाठवलंय म्हणून आलात?" मी खरं काय ते सांगितलं. मग त्या गप्प बसल्या. कूलरच्या पंपाचा आवाज आणि खसावरून टपकणारं पाणी, एवढंच ऐकू येत होतं. ती शांतता मला सहन होईना, म्हणून मीच बोलत सुटलो. राजीनाम्याच्या भीतीपर्यंत सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "हे तुमच्या साहेबांसमोर विचारायची तयारी आहे?"

पुढच्या आठवड्यात तिघांची बैठक झाली. मोठे साहेब, मॅडम आणि मी. कामाचा करार तिथं ठरला. कंपनीला किती सत्रं झाली आणि कोणत्या उद्दिष्टावर काम चालू आहे एवढंच कळेल, खोलीत काय बोललं गेलं ते कळणार नाही. मॅडमनी हे कागदावर घेतलं, तिघांच्या सह्या झाल्या. मग मी तो प्रश्न विचारला. तळहाताला घाम आला होता. मोठे साहेब क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हिंगण्याचं युनिट तुमच्याकडे द्यायचं मनात आहे. पण तुम्हाला हलवलं तर बुटीबोरी दोन दिवस चालत नाही. मग हलवू कसं?"

दोन वर्षं मी समजत होतो की माझ्याशिवाय चालत नाही ही माझी किंमत आहे. त्याच गोष्टीमुळे मी अडकून पडलो होतो.

इथं थोडं थांबून कोचिंग म्हणजे काय ते सांगतो, कारण मलाही ते माहीत नव्हतं. सल्लागार आपल्याला उत्तर देतो. ट्रेनर कौशल्य शिकवतो. समुपदेशक मनाच्या दुखण्याकडे बघतो. कोच यातलं काहीच करत नाही. तो प्रश्न विचारतो, ऐकतो आणि आपण ठरवलेलं आपण करतोय की नाही याचा हिशेब आपल्यासमोर ठेवतो. ही विद्या ऑफिसात आली ती टेनिसच्या मैदानावरून. टिमथी गॅलवे हे अमेरिकेतले टेनिसचे शिक्षक. खेळाडूला 'मनगट असं धर, पाय तसा टाक' अशा सूचनांचा मारा करण्यापेक्षा त्याला नुसतं चेंडूकडे बारकाईनं बघायला लावलं, तर त्याचा फटका आपोआप सुधारतो, हे त्यांनी १९७० च्या दशकात मांडलं. ते काम पुढे इंग्लंडमध्ये नेलं जॉन व्हिटमोर यांनी, जे आधी मोटार शर्यतींत गाडी चालवायचे. 'ग्रो' म्हणून जी चौकट आज जगभर वापरतात ती त्यांच्यामुळे पसरली: कुठं पोचायचंय, आज नेमकं काय चाललंय, कोणकोणते रस्ते आहेत आणि त्यातलं तुम्ही काय करणार, कधी करणार. आमच्या सत्रांचा सांगाडा हाच होता. पण मॅडम सर्वांत जास्त वेळ दुसऱ्या पायरीवर घालवायच्या. आज नेमकं काय चाललंय. मला त्याचाच कंटाळा यायचा, कारण मला ते माहीत आहे असं वाटायचं.

मला ते माहीत नव्हतं, हे जूनच्या अखेरीस समजलं. मॅडम दोन दिवस प्लांटवर आल्या आणि नऊ जणांशी एकेकट्यानं बोलल्या. विभागप्रमुख, दोन शिफ्ट इन्चार्ज, स्टोअरचे, अकाउंट्सच्या ताई, मोठे साहेब. त्यांची वाक्यं नावं काढून दोन पानांवर टाइप केली आणि मला त्यांच्यासमोर बसवून वाचायला दिली.

"साहेबांना विचारलं की उत्तर लगेच मिळतं, त्यामुळे आम्ही विचार करायचं सोडलं."

"साहेब मनानं चांगले आहेत, आमच्या घरच्या अडचणीला धावून येतात. पण त्यांच्यासमोर चूक कबूल करायची हिंमत होत नाही."

"सकाळच्या मीटिंगला मी रजिस्टर घेऊन उभा राहतो. बोलायचं काही नसतं."

पानं खाली ठेवली तेव्हा घसा दाटून आला होता. पुढचे दोन दिवस मी एकच उद्योग केला: कोणतं वाक्य कुणाचं असेल ते ओळखणं. प्लांटवर फिरताना एकेकाच्या तोंडाकडे बघायचो. तिसऱ्या दिवशी मॅडमना फोनवर हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "ओळखलंत, तर त्या माणसाचं काय करणार आहात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्या दिवसापासून तो नाद मी सोडला. ज्यांना असा अहवाल मिळणार असेल त्यांना मी कळकळीनं सांगतो, की शोध घेऊ नका. त्या माणसांनी तुमच्यावर विश्वास टाकलेला असतो, आणि एकदा तो मोडला की पुन्हा कुणी तोंड उघडत नाही.

उद्दिष्ट ठरवायला दोन सत्रं गेली. मी आधी लिहिलं, 'संवादकौशल्य सुधारणे'. मॅडमनी विचारलं, "हे डिसेंबरमध्ये झालं की नाही, कोण कसं ओळखेल?" खोडत, लिहीत शेवटी असं वाक्य झालं: 'डिसेंबरपर्यंत रोजच्या कामाचे निर्णय विभागप्रमुख स्वतः घेतील आणि मीटिंगमध्ये मी कमी, ते जास्त बोलतील.' मोजायचं कसं तेही ठरलं. एक आठवडा मी खिशात छोटी डायरी ठेवली आणि कुणी काही विचारायला आलं की रेघ मारली. सहा दिवसांत चौपन्न रेघा झाल्या. कोणत्या गाडीत आधी माल भरायचा? स्टिचिंगची तार संपत आली, मागवू का? शाईचा डबा उघडला तर चालेल का? यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं विचारणाऱ्याला माझ्याइतकीच ठाऊक होती.

दुसरं मोजमाप जास्त कठीण गेलं. आमची मीटिंग सकाळी सव्वाआठला, शॉप फ्लोअरवरच, उभ्यानं. सगळ्यांना विचारून मी एक दिवस मोबाइलवर ती रेकॉर्ड केली आणि रात्री जेवण झाल्यावर गच्चीत बसून ऐकली. मीटिंग तेवीस मिनिटांची. सतरा मिनिटं मी बोलत होतो. अकरा प्रश्न विचारले होते, त्यातल्या नवांची उत्तरं मीच देऊन टाकली होती. प्रश्न आणि माझं उत्तर यांच्यात जास्तीत जास्त दोन सेकंद. एका ठिकाणी आमच्या क्वालिटीच्या मुलानं "सर, पण..." एवढं म्हटलेलं ऐकू येतं आणि त्यावर माझा आवाज चढतो. तो 'पण' मी चार वेळा मागे नेऊन ऐकला. त्याला काय सांगायचं होतं ते मला कधीच कळलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी विचारलं तर त्याला आठवेना.

मॅडमनी काहीच सुचवलं नाही. "यातलं एक काय बदलाल?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, प्रश्न विचारल्यावर दहा आकडे मोजीन. मनातल्या मनात, सावकाश.

ऐकायला ही फार लहान गोष्ट वाटेल. करून बघा.

जुलैचा तिसरा सोमवार. रात्रभर पाऊस झाला होता. त्या दिवसांत आमच्या शीट वाकत होत्या, म्हणजे कोरुगेटरवरून उतरलेली शीट सपाट राहण्याऐवजी कडेनं उचलायची, मग प्रिंटिंगला अडकायची, छपाई सरकायची आणि ढीगच्या ढीग बाजूला पडायचे. मागच्या पावसाळ्यातही हेच झालं होतं. मी स्टार्चच्या गोंदाचं प्रमाण बदललं होतं, गोंदाच्या सप्लायरला फैलावर घेतलं होतं, मशीनचा वेग कमी करून बघितला होता. त्या दिवशी मी विचारलं, "शीट का वाकून राहिली?" आणि मोजायला लागलो.

एक. दोन. कुणी जमिनीकडे बघतंय. तीन. क्वालिटीचा मुलगा रजिस्टरची पानं उलटतोय. चार, पाच. डिस्पॅचवाल्यानं माझ्याकडे बघितलं, त्याला वाटलं मी विसरलो. सहा. माझ्या जिभेवर गोंदाचा मुद्दा आला होता, दात आवळून धरला. सात. छतावर पाऊस वाजत होता. आठ.

"शटरजवळची रील हाय ना साहेब, ते ओली होते."

बोलले ते कोरुगेटरचे ऑपरेटर. पन्नाशी ओलांडलेले, आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. एरवी ते मीटिंगला नसायचेच, शिफ्ट इन्चार्ज रजेवर म्हणून त्या दिवशी उभे होते. त्यांनी सांगितलं ते असं. माल उतरवायला सोपं म्हणून क्राफ्ट पेपरच्या, म्हणजे खोक्यांच्या जाड तपकिरी कागदाच्या, रील आम्ही शटरपाशी लावतो. पावसाची झड आत येते, दमट हवा तर दिवसभर असतेच. कागद ओल धरतो. नवी रील हवी असली की हाताशी असलेली शटरजवळचीच आधी चढते, आणि चढते ती वरच्या थराला. खालच्या थराला आतली कोरडी रील. शीटच्या दोन बाजूंना ओल वेगवेगळी, आणि गरम प्लेटवर वाळताना जी बाजू जास्त ओली ती जास्त आखडते. शीट त्या बाजूला वाकणारच.

ओल मोजायचं मीटर घेऊन आम्ही तिथंच गेलो. आतल्या रीलला साडेसात टक्के. शटरजवळच्या रीलच्या बाहेरच्या थराला बारा.

मी विचारलं, "भाऊ, हे केव्हापासून माहीत होतं?"

"मांगच्या पावसाळ्यापासून."

"मग सांगितलं काहून नाही?"

त्यांनी हातातलं फडकं दोनदा झटकलं. आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. "सांगणारच होतो ना. पण तुम्ही बोलून राहिले होते ना, साहेब."

एक अख्खा पावसाळा. किती टन कागद भंगारात गेला असेल, किती वेळा मी त्या गोंदवाल्या माणसाला टाकून बोललो असेन. उत्तर माझ्यापासून वीस पावलांवर, त्या मशीनपाशी उभं होतं.

रील शटरपासून आत सरकवल्या, खाली पॅलेट टाकले, वर ताडपत्री आली, आणि रील चढवायच्या आधी मीटर लावायचा नियम भाऊंनीच केला. वाकणं कमी झालं. सगळं श्रेय या एका बदलाला देता येणार नाही, सप्टेंबरनंतर हवाच कोरडी झाली. पण ऑगस्टच्या मुसळधारेतही ढीग आधीसारखे पडले नाहीत.

पुढचे दोन महिने नीट गेले आणि मला वाटलं जमलं. मग ऑक्टोबर आला. आंबिया बहाराची संत्री सुरू झाली की काटोल, नरखेड, वरुडकडचे व्यापारी खोकी मागायला लागतात. फळ झाडावर थांबत नाही, त्यामुळे एक दिवसाचा उशीरही चालत नाही. एका दुपारी डॉकवर गाडी अर्धी भरलेली आणि मला दिसलं की खोक्यांवर नवीन छपाई आहे, जुनी हवी होती. मी डिस्पॅचच्या सुपरवायझरला तिथंच धरलं. ड्रायव्हर, हमाल, सगळ्यांसमोर. पाच-सात मिनिटं मी थांबलोच नाही. तो एक शब्द बोलला नाही. केबिनमध्ये येऊन मेल उघडली तर व्यापाऱ्यानं दोन दिवसांपूर्वीच नवी छपाई कळवलेली. मेल माझ्याकडे आली होती, मी वाचली नव्हती. त्याला व्यापाऱ्यानं फोनवर सांगितलं होतं आणि त्यानं बरोबर माल काढला होता.

त्या आठवड्याच्या सत्रात मला मॅडमकडून थोडा धीर हवा होता. तो मिळाला नाही. त्यांनी म्हटलं, "आधी काय घडलं ते सांगा. तुम्हाला काय वाटलं ते नंतर." मी सांगितलं. "तो गप्प होता तेव्हा तुम्हाला काय दिसत होतं?" मी आठवून बघितलं. त्याचा हात गाडीच्या फळीवर होता आणि त्यानं चलनाचा कागद चुरगळू नये म्हणून दुसऱ्या हातात अलगद धरला होता. तो कागद बघितला असता तरी मला कळलं असतं. मी बघितलाच नव्हता.

माफी केबिनमध्ये मागायची की डॉकवर, यावर मी रात्रभर विचार केला. बोललो होतो सगळ्यांसमोर, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच जागी, गाडी लागलेली असताना, सगळ्यांसमोर म्हणालो, "काल चूक माझी होती. तुम्ही बरोबर होता. माझं बोलणं चुकलं." तो म्हणाला, "ठीक आहे साहेब," आणि कामाला लागला. बस एवढंच. चार दिवसांनी तो आपणहून केबिनमध्ये आला आणि एका ट्रान्सपोर्टरच्या गाड्या वारंवार उशिरा येतात, आपण दुसरा बघूया का, असं विचारलं. मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं. त्याच्या खिशात तीन ट्रान्सपोर्टरचे दर लिहिलेला कागद तयार होता.

कोचिंगनं काय होत नाही, तेही सांगायला हवं. आमच्याकडे रात्रपाळीला माणसं कमी आहेत आणि ओव्हरटाइमचे पैसे उशिरा मिळतात. त्यावरची नाराजी माझ्या गप्प बसण्यानं जाणार नव्हती. ती व्यवस्थापनाची गोष्ट आहे आणि तिथंच मांडावी लागते, मी मांडली. माणसं कमी देऊन मॅनेजरला कोच द्यायचा, असं कुठल्या कंपनीत होत असेल तर तो अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि कोच निवडताना डोळे उघडे ठेवावेत. आपल्याकडे या व्यवसायाला सरकारी परवाना लागत नाही, दोन दिवसांचं शिबिर करूनही माणूस पाटी लावू शकतो. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही १९९५ पासूनची संस्था प्रमाणपत्रं देते. त्यांच्या एसीसी या पहिल्या पायरीला प्रशिक्षण तर लागतंच, वर किमान १०० तास प्रत्यक्ष कोचिंग केलेलं असावं लागतं, पुढच्या पीसीसीला ५००, सर्वांत वरच्या एमसीसीला २५००. प्रमाणपत्र म्हणजे सगळं नव्हे, पण विचारायला लाजू नये. गोपनीयता लेखी घ्यावी. पहिल्याच भेटीत जो हमी देतो किंवा तासभर स्वतःच बोलतो, त्याच्याकडून चहा पिऊन परत यावं.

डिसेंबरात मॅडम पुन्हा त्याच नऊ जणांशी बोलल्या. माझ्या डायरीतल्या रेघा एका आठवड्याला एकोणीसवर आल्या होत्या. वीस मिनिटांच्या मीटिंगमध्ये मी सहा मिनिटं बोललो होतो. हे वाचून बरं वाटलं. पण त्या पानावर एक वाक्य असंही होतं: "साहेब आता प्रश्न विचारून गप्प बसतात, तेव्हा भीती वाटते, चिडलेत की काय." सहा महिने मी दहापर्यंत मोजत होतो आणि समोरच्यांना त्याचं कारण कधी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सव्वाआठला सांगितलं. कोचबद्दल, रेकॉर्डिंगबद्दल, मोजण्याबद्दल, सगळं. अकाउंट्सच्या ताई म्हणाल्या, "सर, हे जूनमध्येच सांगायचं न. आम्ही पण मोजलं असतं."

आता आठवड्यातले दोन दिवस मी हिंगण्याला असतो. त्या दिवशी बुटीबोरीची मीटिंग विभागप्रमुख आळीपाळीनं घेतात. भाऊंचा रीलच्या ओलीचा आकडा रोज सकाळी ग्रुपवर येतो. आज आला तो असा: आतली साडेसात, शटरकडची नऊ. खाली त्यांनीच लिहिलं होतं, 'शटरकडची मागं ठेवली, उद्या पाहू.'